सोमवारचा नंदी

सोमवारी अंबडहून येणारी पहिली एसटी निंबवाडीच्या फाट्यावर जवळजवळ रिकामी होई. एरवी त्या फाट्यावर उतरायचं ते एखादं सोयरंधायरं, नाहीतर बियाणं कंपनीचा माणूस. पण २००६ सालच्या श्रावणापासून चित्र पालटलं. बदनापूरकडून जीपा भरभरून येऊ लागल्या. सकाळी नऊलाच महादेवाच्या देवळापुढची रांग शाळेच्या कुंपणाला वळसा घालून पाण्याच्या टाकीपर्यंत जाई. रांगेत लेकीचं मोडलेलं लग्न होतं, न थांबणारा खोकला होता, हरवलेला भाऊ होता. फुटाण्यांच्या पुड्या होत्या आणि कुणाच्या तरी कडेवर झोपलेलं पोरही होतं.

रांगेचं टोक नंदीपाशी. नंदी नवा होता, सिमेंटचा, वरून पांढरा रंग दिलेला. जुना दगडी नंदी झिजून झिजून त्याला तोंडच उरलं नव्हतं, म्हणून देवळात मुक्कामाला आलेल्या शंभुनाथ महाराजांनी आल्या आल्या हा नवा आणवला. त्याला दर रविवारी संध्याकाळी पडद्याआड गुप्त अभिषेकही होई. नंदीच्या कानात मनातलं सांगणं ही काही महाराजांनी काढलेली रीत नव्हे. डाव्या कानावर हात ठेवायचा, उजव्या कानाला तोंड लावायचं आणि सांगायचं, हे आपल्याकडे आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. नवं एवढंच होतं की इथला नंदी निरोप खरोखर पोचवत होता, आणि उत्तर दहा मिनिटांत मिळत होतं.

"बाहेर कुणाशी बोलू नका, माय," महाराजांचा चेला कचरू कर्ण्यातून सांगत असे. "बाहेर बोललेलं दुःख वाऱ्यावर जातं, आन्‌ वारा काय आपला पोस्टमन न्हाई. नंदी म्हंजे रजिस्टर पोस्ट. कानाला तोंड लावा, स्पष्ट बोला, पुटपुटू नका. देवाला पुटपुटलेलं आवडत न्हाई."

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी त्या रांगेत प्रभावतीही उभी होती. बरोबर आई, कौसल्याबाई. आईचा हात धरून ती मान खाली घालून उभी होती, कारण या गावात तिला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. तिचे वडील रामराव मास्तर. बत्तीस वर्षं त्यांनी निंबवाडीच्या शाळेत शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं अंगात येणाऱ्यांशी, गंडेदोरेवाल्यांशी आणि गुप्तधन काढणाऱ्यांशी भांडण्यात घालवली. ज्येष्ठात शाळेच्या ओसरीवरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. मास्तर गेले आणि दीड महिन्यात महाराज आले.

"तू बी का, प्रभे?" मागून साळूबाईने विचारलं. साळूबाई शेजारच्या घरातली, हनुवटीवर गोंदण असलेली, तोंडाने फटकळ.

"आईला सोबत."

"मास्तरांनी ह्याच पारावर हातातून विभूती काढून दाखवल्ती आम्हाला. म्हणे, भाताच्या पेजेत मळलेली गोळी हाय ही, बोटांत धरायची आन्‌ चुरायची. समदं गाव हासलं व्हतं." साळूबाईने पदर सावरला. "आता हासवायला कोणी न्हाई, मंग रडायला येतो आम्ही."

प्रभावती रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकली. तिने ठरवलं होतं की वाकायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही आणि उठायचं. आईचं मन राखलं की झालं. पण तोंड कानाशी गेल्यावर तो कान आत खोल आणि काळा दिसला, आणि तिच्या ध्यानात आलं की पाच महिन्यांत, तुझं काय, असं तिला कुणी विचारलेलं नाही. ती चार वाक्यं बोलली. मग उठून आईबरोबर मंडपाकडे गेली.

आत मंडपात महाराज वाघाच्या कातड्याचं चित्र छापलेल्या चादरीवर बसले होते. डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी त्यांनी लोकरीची कानटोपी कानांवर घट्ट ओढून घेतली होती. "कैलासाची थंडी हाय, माय, अंगातून जात न्हाई," असं ते प्रत्येकाला न विचारता सांगत. प्रभावती समोर बसली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

"कोणतरी येऊन राह्यलंय," ते म्हणाले. "पांढरा सदरा. हाताला खडू."

एवढं तर फाट्यावरच्या चहावाल्यानेही सांगितलं असतं. प्रभावतीच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं.

"टावरवर न्हवतीस तू, बेटी," महाराज हळूच म्हणाले. "चहा पीत बसल्ती."

तिचं हसू जागीच थिजलं.

"तीनदा फोन आला. दोनदा कापला, मंग बंद करून ठिवला. घरी सांगितलं टावरवर चढल्ते. ते म्हणतात, राग न्हाई. पोरीला म्हणावं मी हितंच हाय, हवेत हाय."

हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. ज्येष्ठातल्या त्या दुपारी आबांनी, म्हणजे मास्तरांनी, गावातल्या बूथवरून तीनदा फोन केला होता, आणि ती बदनापुरात हॉटेलच्या बाकावर चहा पीत होती. आबांचं बोलणं लांबायचं. तिला त्या दिवशी ते ऐकायचं नव्हतं, दुसरं काही कारण नव्हतं. संध्याकाळी निरोप आला. तेव्हापासून आईला, सोयऱ्यांना, सगळ्यांना तिने सांगितलं होतं की मी कामासाठी टॉवरवर चढले होते, हात मोकळे नव्हते. ते वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की कधीकधी तिला स्वतःलाच उंचावरचा वारा आठवे.

रामराव मास्तरांच्या लेकीने शंभुनाथ महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि भरल्या मंडपात ती हुंदके देऊन रडली.

देवळातून बाहेर येते तोच समोर भुजंग उभा. गावातलं संगणक केंद्र त्याचं, फोनचा बूथही त्याचाच. "ताई, बरं झालं भेटलात. नेट गेलं बघा. सोमवार उजाडला, दहा वाजले की जातं, ते एकच्या पुढं येतं. पोरं फॉर्म भराया बसलीत, माझ्या नावानं खडे फोडून राह्यलीत."

हे काम तिचंच होतं. जालन्यात बिनतारी इंटरनेट देणारी एक लहानशी कंपनी होती, त्यात ती इंजिनिअर. अंबडला एका उंच इमारतीवर कंपनीचा टॉवर होता आणि गावोगावच्या छपरांवर त्याच्याकडे तोंड करून बसवलेल्या जाळीच्या अँटेना. मधे तार नाही, सगळा कारभार हवेतून. ही यंत्रं फार हळू आवाजात बोलतात. त्यांच्या वाट्याला आलेल्या लहरी कुणीही परवान्याशिवाय वापरू शकतं, त्यामुळे जवळपास दुसरं एखादं यंत्र त्याच लहरींवर एकसुरी ओरडू लागलं की मैलभर लांबची कुजबुज ऐकू येईनाशी होते आणि नेट जातं. कोण ओरडतंय ते शोधणं आणि त्याच्यापासून आपलं बोलणं वाचवणं, हीच प्रभावतीची नोकरी. रीत ठरलेली होती. आधी चॅनेल बदलायचं. त्याने भागलं नाही तर अँटेना उभीची आडवी करून पाहायची. तेही नाही, तर हातात लॅपटॉप आणि लहान अँटेना घेऊन पायी हिंडायचं आणि गोंगाट कुठल्या दिशेला वाढतो ते बघायचं. बदनापुरात अशीच हिंडून तिने एका हॉटेलातली समोसे गरम करायची पेटी पकडली होती.

आतून महाराजांचा आवाज आला. भुजंगचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. "महादेव जागा झाला की बाकीच्या लहरी झोपतात, बेटी. त्याच लहरीवर तुझे वडील येतात. इतबार ठेव."

हे ऐकून जी बाई हसायला हवी होती ती हसली नाही. तिने चॅनेल तेवढं बदललं. फरक पडला नाही. मग तिने तक्रारवहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, गोंगाटाचा आकडा लिहिला, आणि 'कारण' असं लिहिलेला रकाना कोरा सोडून वही मिटली. पुढच्या तीन सोमवारीही तिने तेच केलं. तिला शोधता आलं नाही असं नव्हे. शोधलं असतं तर काहीतरी सापडलं असतं, आणि मग हवेत कुणीच नसतं.

इकडे गर्दी दुप्पट झाली. कचरू आता कर्ण्यातून नवं सांगू लागला होता: "इंटरनेटच्या इंजिनिअर बाई सुद्धा महाराजांच्या चरणी लीन झाल्या. सायन्सनं हात टेकले, माय, तुम्ही काय घेऊन बसलात." मास्तरांची पोरगी पाया पडली म्हटल्यावर जे आजवर कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते तेही रांगेत शिरले.

चौथ्या सोमवारनंतरच्या शनिवारी ती गावी आली तेव्हा कौसल्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी पाण्याची कळशी, सकाळपासूनची दुसरी. जीभ कोरडी, बोलणं जड. डाव्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काळपट पडली होती. प्रभावतीने फ्रीज उघडला. दारातल्या कप्प्यात इन्सुलिनच्या दोन बाटल्या होत्या, दोन्हींची सीलं तशीच.

तिने तशीच जीप बोलावून आईला अंबडला नेलं. साखर चारशे बारा निघाली. डॉक्टरांनी तिथल्या तिथे एक सुई दिली आणि प्रभावतीला बाजूला घेऊन सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ सुई चुकली तर पुढच्या आठवड्यात ही जखम नाही, पाय बघावा लागेल. आणि नुसत्या पायावर भागलं तर नशीब समजा."

घरी आल्यावर कौसल्याबाईंनी मात्र पदर पोटावर घट्ट लपेटून घेतला.

"दवाखान्यात घेतली ती डाक्टरांच्या भिडेनं. आता न्हाई."

"कधीपासून बंद केल्यास?"

"महिना झाला आसंल. त्यांनीच सांगितलं. महाराजांच्या तोंडून. म्हणाले, कौसल्या, सुया टोचून घिऊ नको, लई सोसलंस."

"आई, आबा असं म्हणतील? ते स्वतः तुला सुई द्यायचे. घड्याळ लावून."

"जिते व्हते तवा देयाचे. आता त्यांना तिकडून सगळं दिसून राह्यलंय." कौसल्याबाईंनी लेकीकडे पाहिलं. "आधी मला बी खरं वाटलं न्हवतं. मी म्हणलं, प्रभा शिकलेली हाय, तिला इचारू. मंग तू तिथं रडलीस. लहानपणी पडलीस तरी न्हाई रडायचीस तू. मंग माझी खात्री पटली."

प्रभावती आईच्या पायाशी बसली. महाराजांनी आईला फसवलं होतं खरं, पण आईला त्यांच्या दारात नेऊन बसवलं होतं ते तिच्या रडण्याने.

"आई, सुयांचा कंटाळा आलाय असं तू कुणाला बोलली होतीस का? साळूबाईला?"

"न्हाई."

"भुजंगच्या आईला?"

"कुणाला न्हाई. तुला वाईट वाटलं आसतं. नंदीला सांगितलं निस्तं."

नंदीला. प्रभावतीने डोळे मिटले. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं. जगात कुणालाही ठाऊक नव्हतं, असं ती महिनाभर स्वतःला बजावत होती, आणि नंदीला मोजायला विसरली होती. सिमेंटचा बैल, त्याला कोण धरतं हिशेबात.

तिने वही काढली. सोमवार, दहा ते एक. सोमवार, दहा ते एक. भुजंगच्या श्रावणापासूनच्या तक्रारींत एकच सोमवार चुकला होता, महाराज परभणीला गेले होते तो, आणि त्या दिवशी नेट दिवसभर चाललं होतं. तिच्याच हस्ताक्षरात तिने हे लिहून ठेवलं होतं. भुजंगच्या छपरावरची अँटेना अंबडकडे तोंड करून होती आणि तिच्या तोंडासमोर, दीडशे पावलांवर, देऊळ होतं. जालन्यातल्या कुठल्याही शिकाऊ पोराने वही बघून पाच मिनिटांत बोट ठेवलं असतं.

रविवारी ती जालन्याला गेली. मस्तगडला इलेक्ट्रॉनिक सामानाच्या एका दुकानात तिने एक वस्तू मागितली. दुकानदाराने डबी काढली. आत बोटाच्या पेराएवढा कॅमेरा, त्यातच ध्वनी पकडणारा माईक, आणि शेजारी रिसीव्हर. तारेची गरज नाही, चित्र आणि आवाज दोन्ही हवेतून, नेटच्याच लहरींवर, रिसीव्हरला पोचतात.

"मुझे सिर्फ रिसीव्हर चाहिए," ती म्हणाली.

"अकेले रिसीव्हर का क्या करेंगे, मॅडम? बगैर कॅमेरे के क्या दिखेगा?"

"कॅमेरा गावात आहे," ती म्हणाली.

सोमवारी साडेदहाला भुजंगच्या केंद्रात तिने तो रिसीव्हर टीव्हीला जोडला. भुजंग शेजारी उभा. बटण एकावर होतं, पडद्यावर नुसत्या मुंग्या. दोनवर मुंग्या. तीनवर पडदा थरथरला आणि त्यावर ओठ उमटले. अख्खा पडदा भरून दोन ओठ, हलणारे, त्यांच्याखाली हनुवटीवरचं हिरवं गोंदण. साळूबाई. "माझ्या थोरल्या सुनेचं..." एवढं ऐकू आलं, आणि प्रभावतीने आवाज पार बंद केला.

भुजंगचा हात बटणाकडे गेला. "ऐकू द्या की ताई, थोडं."

"नाही. आपण ऐकलं तर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय?"

भुजंगने हात मागे घेतला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "ताई, मी बी गेल्तो त्याच्यापाशी. दोनदा." जरा थांबून तो म्हणाला, "बायकोबद्दल बोललो व्हतो."

"मीही गेले होते," ती म्हणाली. "तुझ्याकडे लांब वायर आहे ना? टीव्ही पारावर न्यायचाय."

अकराच्या सुमारास गर्दी ऐन भरात होती. कौसल्याबाई शाळेच्या पायरीवर खुर्चीत बसल्या होत्या. चालवत नव्हतं तरी आल्या होत्या. निंबाच्या पारावर टीव्ही ठेवलेला पाहून लोकांना वाटलं महाराजांची सीडी निघाली. प्रभावती रांगेच्या पुढे गेली तशी कचरूने कर्ण्यातून तिचं स्वागत केलं. "या, या, इंजिनिअर ताई. जागा द्या, माय, ताईंना."

ती नंदीपाशी वाकली. डाव्या कानावर हात ठेवला, उजव्या कानाला तोंड लावलं. भुजंगने टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला.

पारावरच्या पडद्यावर तिचे ओठ आले. "माझं नाव प्रभावती रामराव," टीव्ही बोलला, कचरूच्या कर्ण्यापेक्षा मोठ्याने. "मी नंदीच्या कानात बोलतेय, आणि तुम्ही सगळे ऐकताय."

गर्दी नंदीकडे वळली, टीव्हीकडे वळली, पुन्हा नंदीकडे. दोन बायांनी टीव्हीला हात जोडले.

महाराज मंडपाच्या दारात आले. माणूस कसलेला होता. "बघा, बघा," ते हात उंचावून म्हणाले. "नंदीचं बोलणं आजवर मला एकट्याला ऐकू यायचं. आज महादेवानं टीव्हीतून समद्यांना ऐकवलं. कलियुगात देव बी रूप बदलून राह्यला."

"मग कानटोपी काढा, महाराज," पारावरून भुजंग म्हणाला. "आता आम्हाला बी ऐकू येऊन राह्यलं, तुमच्या कानांना जरा आराम."

कुणीतरी फिसकन हसलं. पण हात अजून जोडलेलेच होते, आणि शाळेच्या पायरीवर कौसल्याबाईही हात जोडून बसल्या होत्या. प्रभावतीने ते पाहिलं. यंत्र दाखवून भागणार नव्हतं. यंत्र तर महाराजांनी आत्ताच देवाच्या नावावर चढवलं होतं. ती पुन्हा वाकली. सरळ उभं राहून, लोकांकडे बघून बोलणं तिला जमलं नसतं.

"चार आठवड्यांपूर्वी मी याच कानात चार वाक्यं बोलले," टीव्हीतून तिचा आवाज आला. "आज तीच बोलते. आबा वारले त्या दिवशी मी टॉवरवर नव्हते. मी बदनापुरात चहा पीत होते. आबांचा फोन मी दोनदा कापला, तिसऱ्यांदा बंद केला, कारण मला त्यांच्याशी बोलायचा कंटाळा आला होता. घरी मी खोटं सांगितलं."

तशीच वाकून, आईकडे न बघता ती पुढे बोलली.

"यातला शब्द न्‌ शब्द दहा मिनिटांनी महाराजांनी मला सांगितला. मला वाटलं, आबा बोलले. मी पाया पडले. मी पडले म्हणून तुमच्यातले किती जण आले ते मला माहीत आहे. माझ्या आईने त्यापायी महिनाभर सुई घेतली नाही." टीव्हीतून नुसता श्वास ऐकू आला. "हात वर करू नका, मोठ्याने सांगू नका. फक्त मनात आठवा. महाराजांनी तुम्हाला जे ओळखून सांगितलं, त्यातलं एक तरी अक्षर असं होतं का, जे तुम्ही आधी या कानात सांगितलं नव्हतं?"

पहिली हलली साळूबाई. ती गर्दीतून पुढे आली, पदर खोचला आणि तिने नंदीच्या कानात कोपरापर्यंत हात घातला. पडद्यावर तिची बोटं आली, मग काळोख, मग मुंग्या. तिच्या मुठीत पेराएवढी काळी वस्तू होती आणि तिच्यामागे लोंबणारी लाल-काळी वायर. वायर पोटात गेली होती. पोकळ पोटात मोटारसायकलची बॅटरी निघाली आणि तिच्यासोबत आवाज दगडी भिंतीतून पार जावा म्हणून जोडलेली जोर वाढवायची पेटी. त्या पेटीनेच अंबडची कुजबुज बुडवली होती. साधा बिनतारी माईक वापरला असता तर कुणाच्याही ट्रान्झिस्टरवर वाजला असता. हा कुठल्याच ट्रान्झिस्टरवर येत नव्हता, तो फक्त निंबवाडीचं नेट पाडत होता. रविवारी संध्याकाळी पडदा लावून कचरू नंदीला जो गुप्त अभिषेक करायचा, तो बॅटरी चार्ज करण्याचा होता.

कचरूची मोटारसायकल तोवर फाट्याकडे सुटली होती. महाराजांच्या आसनाखाली दुसरा रिसीव्हर होता, त्याची तार कफनीच्या आतून मानेवर आणि तिथून कानटोपीत गेली होती. कानटोपी साळूबाईनेच उतरवली. अंबडहून पोलीस येईपर्यंत महाराज मंडपाच्या खांबाला टेकून बसले आणि, मी कुणाचं वाईट केलं न्हाई, लोकांना बरं वाटायचं, एवढंच म्हणत राहिले.

पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रामराव मास्तर पारावर विभूती काढून दाखवायचे तेव्हा गाव हसायचं. या वेळी कुणी हसलं नाही. बाया एकमेकींकडे न बघता पिशव्या उचलू लागल्या. श्रावणापासून सगळ्या पंचक्रोशीने आपल्या घरातलं आणि अंथरुणातलं एका अनोळखी माणसाच्या कानात ओतलं होतं. पोलिसांची गाडी गेल्यावर एक पटकेवाला म्हातारा भुजंगपाशी आला आणि इकडेतिकडे बघून त्याने विचारलं, "हे बोललेलं कुठं साठून राहतं का रे?"

"न्हाई, बाबा. ऐकलं की संपलं."

"बराबर?"

"बराबर."

म्हातारा तरी उभाच होता. "त्यानं ऐकलं ते त्याच्या डोक्यात तर हायच की," तो म्हणाला आणि चालू लागला.

प्रभावती आईला घेऊन घरी आली. कौसल्याबाई बाजेवर बसल्या.

"मंग सुया नको म्हणाले ते?"

"तू नंदीला सांगितलंस, त्याने तुला परत सांगितलं. तुझंच बोलणं होतं, आई."

"आन्‌ राग न्हाई म्हणाले ते?"

"ते मला ऐकायचं होतं. ते त्याने ओळखलं."

कौसल्याबाईंनी दुखरा पाय बाजेवर घेतला. मग म्हणाल्या, "चहा पीत व्हतीस."

"हो."

"मला टावरचं सांगितलंस. मी पंचवीस बायांना तेच सांगितलं."

"हो, आई."

"कशाला फोन करून राह्यले व्हते ते मला बी बोलले न्हाईत त्या दिवशी. आता कुणाला इचारायचं?"

"कुणालाच नाही."

याहून गोड उत्तर देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या दारात रांग असते. माणूस दुःखात असलं की त्याला उत्तर हवं असतं, खरं-खोटं नंतर. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज आहे ती, आपल्याला तपासता येत असताना, तपासायची रीत आपल्या हातात असताना, उत्तर गोड आहे म्हणून न तपासण्यात. जो तुमच्या मनातलं ओळखतो त्याला आधी एवढंच विचारावं की हे तुला कळलं कसं. आणि तेवढंच स्वतःलाही विचारावं, की हे मी कुणाकुणाला सांगितलं. एवढ्या दोन प्रश्नांना इंजिनिअर लागत नाही. विचारायला उशीर झाला तर मात्र कुणाचा तरी पाय जातो, आणि तो आपला नसतो.

प्रभावतीने फ्रीजमधून बाटली काढली, सील तोडलं, सुई लावली. सिरिंजवरच्या रेघा तिला नीट दिसेनात. कौसल्याबाईंनी पोटावरचा पदर बाजूला केला आणि स्वतःच चिमटीत कातडी धरली.

"किती देयाची?"

"अठरा."

"थांब," कौसल्याबाई म्हणाल्या. "आधी डोळे पूस. मंग मोज."